बीगलचा ट्रॅकिंग संच : काळ्या मातीत काय टिकतं, काय नाही

बीगलसारख्या कुत्र्याला वासावरून माग काढायला शिकवण्यासाठी ऑनलाइन दुकानांत ‘ट्रॅकिंग सेट’ म्हणून जो माल मिळतो, त्यात बहुतेक वेळा याच वस्तू असतात: छातीपट्टा म्हणजे हार्नेस, दहा मीटरचा दोर, कमरेला लावायची खाऊची थैली आणि जमिनीत रोवायच्या बारक्या झेंड्या. बाहेरदेशातून मागवलेल्या काही संचांत वासाची बाटलीही येते. नावं वेगळी, माल पुष्कळसा सारखाच. बाटलीशिवायचा संच दोन-तीन हजारांच्या आसपास पडतो. तो आखलेला असतो थंड हवेच्या, ओल्या गवताच्या मुलखासाठी. आपल्या विदर्भातल्या वावरात भारी काळी माती, धुऱ्यावर म्हणजे बांधावर कुसळ आणि गोखरू, पऱ्हाटीचे म्हणजे कपाशीचे खुंट आणि डोक्यावर ऊन. म्हणून हे परीक्षण इथल्या हिशेबानं. निकाल आधीच सांगून टाकतो: पट्टा घ्यावा, दोर पाहून घ्यावा, थैली चालेल, झेंड्या आणि बाटलीवर पैसे घालू नयेत.

दोर कशाला लागतो, हे बीगल समजल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे ज्यांनी कारवानी किंवा मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं पाहिलंय त्यांचा इथेच घोटाळा होतो. कारवानी डोळ्यांवर धावतो. सावज दिसेनासं झालं की थबकतो, मान वर करतो, आणि तेवढ्यात हाक मारली तर फिरतोही. बीगलला सावज दिसायची गरजच नसते. नाक जमिनीला, शेपटी उभी आणि कान बंद! इंग्लंडात ही जात सशाच्या मागावर टोळीनं सोडायला वाढवली. माणसं पायीच मागून जायची. 1830 च्या दशकात एसेक्समध्ये फिलिप हनीवुड या पाद्र्यानं जमवलेल्या टोळीतून आजचा बीगल घडला असं मानतात, आणि 1890 मध्ये तिथे बीगल क्लब निघाला. ससा सरळ पळत नाही. वळसा घेतो, आपल्याच मागावरून उलटा येतो, मग आडवी उडी मारतो. हा गुंता तासन्‌तास सोडवत बसणारं, मालकाच्या तोंडाकडे न पाहणारं कुत्रंच तेव्हा कामाचं ठरलं आणि त्याचीच पैदास झाली. तेव्हा हाकेला न येणारा बीगल बिघडलेला नसतो, त्याला घडवलंच तसं आहे. शेपटीचं पांढरं टोकही त्याच कामाचं. उंच गवतात कुत्रं दिसत नाही, टोक दिसतं.

खांद्याशी 33 ते 40 सेंटिमीटर उंची आणि 9 ते 11 किलो वजन. एवढंसं दिसतं म्हणून लोक त्याला शेतात मोकळं सोडतात, आणि पांदणीतून निघालेला बीगल दुसऱ्या शिवारात सापडतो. सापडला तर. गावकुत्र्यांची टोळी आडवी येते, रस्ता आडवा येतो, आणि ताडोबा, पेंच, टिपेश्वर, मेळघाट यांच्या आसपासच्या गावांत बिबट्याला हा आयताच घास. कुंपण नसलेल्या वावरात बीगलचा माग दोरावरच चालवायचा, यात दुसरं मत नाही.

आता पट्टा. माग काढणारं कुत्रं सतत पुढे ओढतं आणि ओढू द्यावंच लागतं. ओढ म्हणजे वास लागल्याची खूण. हीच ओढ गळपट्ट्यावर आली तर श्वासनळी दबते, खोकला येतो, आणि खोकणारं कुत्रं नीट हुंगत नाही. गळपट्ट्याच्या ओढीनं डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसनं तसा वाढत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. बीगलमध्ये आनुवंशिक काचबिंदू आढळतो आणि मणक्याच्या चकतीचा त्रासही, त्यामुळे या जातीला ते जास्तच लागू. संचातला पट्टा छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा असावा. उभी पट्टी छातीच्या हाडावरून खाली जाते, खांदे मोकळे राहतात. काही स्वस्त संचांत छातीवरून आडवी एकच पट्टी असते. ती खांद्याच्या सांध्यावर बसते आणि पाऊल आखूड पडतं. तसला असेल तर परत करा.

माप घेताना पुढच्या पायाच्या कोपरामागे तीन-चार बोटं सोडून छातीचा घेर मोजावा. पट्टा आवळल्यावर खाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. पोटाची पट्टी कोपराच्या फार जवळ आली की काखेत घासते. आठवड्याभरात केस उडतात आणि लाल चट्टा दिसतो. बीगलची छाती खोल आणि मान जाड, त्यामुळे डोक्यातून घालायच्या पट्ट्यात गळ्याचं भोक बरेचदा लहान पडतं. गळ्यालाही बक्कल असलेला घेतला तर ही अडचण येत नाही. अंगानं बारीक बीगल मागे सरकून पट्ट्यातून निसटतो हेही लक्षात असू द्या. घेर बरोबर असूनही निसटत असेल तर गळ्याची पट्टी सैल आहे.

पट्ट्याचा खरा दोष अस्तरात असतो. आतून जाळीदार कापड आणि फोम असतो. थंडीत दहिवर म्हणजे दव पडलेल्या हरभऱ्यातून एक फेरी झाली की फोम पाणी पितो, वर काळी माती बसते, आणि सावलीत वाळायला पूर्ण दिवस जातो. ओलाच पट्टा दुसऱ्या दिवशी चढवला की कातडीला खाज आणि ओला फोड. जाळीत गोखरू रुततो तो वेगळा. काटा बाहेरून दिसत नाही, कुत्रं एकाएकी बसून पोट चावू लागतं. अस्तर नसलेला, पाणी न पिणाऱ्या पट्टीचा हार्नेस मिळत असेल तर तो घ्या, दिसायला साधा असला तरी. प्लॅस्टिकच्या बक्कलात चिखल वाळून बसतो आणि ‘कट्‌’ असा आवाज येऊनही एक बाजू अर्धीच अडकते. प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशनं घासायची, चढवल्यावर दोन्ही बाजू ओढून पाहायच्या. पाठीवरची कडी वाकवलेल्या तारेची असेल तर सांध्याकडे पाहा. वितळवून जोडलेली नसेल तर जोराच्या झटक्यानं उघडते.

दोरावर मात्र थांबून बोलायला हवं.

लांबी दहा मीटर, हे ठीक. आयजीपी या श्वानस्पर्धेतल्या मागालाही दहा मीटरचाच दोर लागतो. पण उभ्या पऱ्हाटीत दहा मीटर म्हणजे नुसता गुंता. दोन ओळींत कुत्रं वळलं की दोर पाच झाडांना वेढा घालतो, बोंडं गळतात आणि शेतमालकाचं तोंड सुटतं. उभ्या पिकात पाच मीटर पुरे. दहा मीटरचा दोर सोयाबीन निघाल्यावर, शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झालेल्या रानात किंवा पडीकात. एकाच दोरावर तीन आणि पाच मीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली की हाताला अंतर कळतं, डोळे कुत्र्यावर राहतात.

कोणत्या मालाचा? सुती दोर हाताला सगळ्यात गोड, पण काळ्या मातीत पहिल्याच ओल्या दिवशी त्याचा वजनदार गोळा होतो, आणि ते वजन दहा किलोचं कुत्रं ओढत बसतं. नायलॉनची सपाट पट्टी स्वस्त संचात हमखास असते. ती हलकी आणि मजबूत, पण दोन खोड्या. कुसळ तिच्या विणीत शिरतं ते निघत नाही, आणि कुत्र्यानं एकाएकी धाव घेतली की तळहात भाजतो. बीगल दहा किलोचाच, पण दहा मीटरची धाव घेऊन दोराच्या टोकाला आला की झटका मोठ्या माणसालाही पुढे ढकलतो. हातमोजे घाला, बोटाला किंवा मनगटाला दोर कधीच गुंडाळू नका. तिसरा प्रकार म्हणजे पॉलिस्टरच्या पट्टीवर प्लॅस्टिकचा लेप दिलेला, बायोथेन नावानं ओळखला जाणारा आणि त्याच्या नकला. महाग पडतो, पण आपल्या मातीसाठी हाच. पाणी पीत नाही, कुसळ चिकटत नाही, फडक्यानं पुसला की साफ. रुंदी 9 ते 13 मिलिमीटर पुरेशी. 19 ची पट्टी जर्मन शेफर्डसाठी ठीक, बीगलच्या पाठीवर ते ओझंच. ओला झाला की गुळगुळीत होतो, तेव्हा खरबरीत पृष्ठभागाचा मागा. रंग केशरी किंवा पिवळा. काळा दोर काळ्या मातीत पडला की शोधत बसायचं, आणि उन्हात चटके देतो तो वेगळाच.

घरचा कासरा लावून चालेल का, असं गावात पहिलं विचारतात. चालेल, पहिले आठ-दहा दिवस. बैलाचा कासरा जाड असतो, गाठी असतात, आणि गाठ खुंटात अडकते. तेच दोराच्या टोकाच्या मुठीचं. संचातल्या दोराला हात अडकवायला फास शिवलेला असतो. शहरातल्या बागेत सोयीचा, पण इथे कापलेल्या पऱ्हाटीच्या प्रत्येक खुंटाला तो फास अडकतो आणि कुत्र्याला मधेच हिसका बसतो. दोन-चार हिसक्यांत नवखं कुत्रं समजतं की नाक खाली घातलं की मार बसतो, आणि नाक वर करून चालायला लागतं. तो फास कापून टाका, टोक मेणबत्तीवर वितळवून गुळगुळीत करा.

आकडा आणि फिरकीही पाहा. मोठ्या कुत्र्यांसाठीचा पितळी आकडा बीगलच्या पाठीवर पावलोपावली आपटतो. छोटा बोल्ट-आकडा, म्हणजे खटका मागे ओढून उघडायचा, तो घ्या, फिरकी सहज फिरते का पाहा; फिरत नसेल तर दोराला पीळ पडतो. धुळीनं आकडा अडकला तर तेल घालू नका, तेल धूळ आणखी धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड लावली की मोकळा होतो.

थैली बरी असते. आतलं अस्तर पाण्यानं धुता येईल असं हवं, आणि तोंड एका हातानं उघडता-मिटता यायला हवं. त्यात काय भरायचं हा जास्त महत्त्वाचा प्रश्न. कडक बिस्किट नको. कुत्रं चावत थांबतं, चुरा सांडतो, आणि मग ते चुराच शोधत बसतं. उकडलेली कोंबडीची कलेजी, वाटाण्याएवढे तुकडे, एका घोटात जाणारे. सुरुवातीची पद्धत अशी: वारा पाठीवर घेऊन सरळ 20 ते 30 पावलं चालायचं, प्रत्येक पावलाच्या ठशात एक तुकडा, शेवटी एक ओळखीची वस्तू, म्हणजे हातमोजा किंवा कातड्याचा तुकडा, आणि तिच्याखाली चार-पाच तुकडे. दुसऱ्या वाटेनं परतायचं. बाहेरदेशी सल्ला असतो की माग दहा-पंधरा मिनिटं ‘मुरू’ द्यावा. आपल्याकडे तेवढ्या वेळात मुंगळे कलेजी घेऊन जातात. पहिले दिवस पाच मिनिटांत कुत्रं आणा. मग तुकडे एकाआड एक, नंतर पाच पावलांना एक करत वेळ वाढवा. खाऊ कमी झाला की मुंगळ्यांचा प्रश्न उरत नाही. सरळ माग पक्का झाल्यावरच काटकोनातलं वळण. वळणाआधी आणि नंतर दोन-तीन पावलं पुन्हा खाऊ. वस्तूपाशी पोचल्यावर बसायला शिकवा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर जे बीगल पथक सुरू केलं, त्यातली कुत्रीही बॅगेत फळ किंवा मांस हुंगलं की भुंकत नाहीत, खाली बसतात. त्या कामाला बीगल घेतला तो लहान, माणसांत रमणारा आणि खादाड म्हणून. खादाडपणा शिकवायला सोन्यासारखा आणि अंगाला वाईट. दहा किलोच्या, रोज काम करणाऱ्या मोठ्या बीगलला दिवसाला साधारण 600 ते 650 कॅलरी लागतात; मागावर जेवढी कलेजी खाल्ली तेवढं संध्याकाळच्या भांड्यातून कमी करा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. घरोघरी भाकरीचा तुकडा मिळणारा गावातला बीगल तीन वर्षांत लोडासारखा होतो. आणि उरलेल्या रश्शात कालवलेला भात नको. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतात.

झेंड्या म्हणजे तारेला प्लॅस्टिकचा तुकडा. उन्हाळी भुईत तार वाकते. तुराटीचे म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे वीतभर तुकडे फुकट मिळतात आणि जास्त चालतात. माग कुठून गेला हे माणसाला कळावं एवढ्यासाठी ती खूण, म्हणून ती मागावर नको, दोन पावलं बाजूला रोवा आणि दर वेळी बाजू बदला. नाहीतर हुशार बीगल हुंगायचं सोडून काड्या मोजत चालतो.

वासाची बाटली, त्यातही सशाच्या वासाची असेल तर, सरळ फेकून द्या. आपल्या शिवारात खरे ससे, रोही म्हणजे नीलगायी, रानडुकरं आहेतच. बीगलला त्यांच्या मागावर लावायला शिकवण्याची गरज नाही, उलट माणसाच्या पावलाचा वास जास्त मोलाचा वाटावा यासाठीच हा सगळा खटाटोप. शिवाय कुत्री सोडून ससा किंवा कुठलंही रानजनावर मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जातीच्या मायदेशीही 2004 च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी सशाची शिकार करण्यावर बंदी आली. ज्यांना ‘शिकारी कुत्रं’ म्हणून बीगल हवा आहे, त्यांनी तो घेऊच नये. राखणीला हवा असेल तरीही नको. आवाज मोठा, भुंकणं, हेल काढणं, सगळं येतं, पण चोराच्या हातात भाकरी असेल तर बीगल त्याचाच. जागलीला गावठी कुत्रंच बरं.

संच कितीही चांगला असला तरी हंगाम चुकला तर उपयोग नाही. बीगलच्या नाकात वास टिपणारे ग्राही 20 कोटींच्या वर, माणसाला 50-60 लाख. पण कुत्रं धापा टाकायला लागलं की ते तोंडानं श्वास घेतं, आणि हुंगणं तिथेच संपतं. जीभ बाहेर लोंबली म्हणजे माग बंद. कोरड्या तापलेल्या जमिनीवर वास टिकतही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, दहिवर अंगावर असताना सगळ्यात बरं काम होतं. मार्चमध्ये वेळ अर्ध्यावर येतो. एप्रिल-मे मध्ये संच खुंटीला. पारा 45 पर्यंत जाणाऱ्या मुलखात काळी माती दुपारनंतर संध्याकाळीही गरमच असते. हाताची पालथी बाजू सात सेकंद जमिनीला टेकवून ठेवता आली नाही तर कुत्र्याला तिथे नेऊ नये. उन्हाळ्यात भेगाळलेल्या भारी जमिनीत पाय मुरगळतो, आणि भेगांत घोणस-नाग असतात. नाक खाली घालून चालणाऱ्या कुत्र्याला साप चावतो तो तोंडावरच.

पावसाळ्यात वेगळा धोका, आणि तो सगळ्यात मोठा. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. इथे तर नाक पानाखाली आणि मातीवर घासत चालणारं दहा किलोचं जनावर. फवारलेल्या वावरात आणि त्याला लागून असलेल्या धुऱ्यावर माग टाकायचाच नाही, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं ही लक्षणं दिसली की पट्टा काढून कुत्र्याला साबणाच्या पाण्यानं धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे पळा. कोणतं औषध होतं यावर उपचार ठरतो. पट्टाही धुवा. फोमचा असेल तर तो गेलाच समजा.

फेरीनंतर पाच मिनिटं अंग तपासायला द्या. बीगलचे लांब लोंबते कान हवा कोंडतात, त्यात ओल राहिली की कान वास मारू लागतो, आणि कानाच्या आतल्या घडीत गोचीड बसतो. बोटांच्या मध्ये कुसळ पाहा. माग चालू असताना एकाएकी सारख्या शिंका सुटल्या किंवा डोकं एका बाजूला झटकायला लागलं तर कुसळ नाकात किंवा कानात शिरलंय. चिमट्यानं घरी खणत बसू नका, ते आत सरकतं.

खरेदी अशी करा: संच न घेता अस्तर नसलेला वाय पट्टा आणि लेपाचा 13 मिलिमीटरचा दोर सुटा घेतला तर खर्च संचापेक्षा थोडा जास्त जाईल, पण दोन्ही वस्तू टिकतील. संचच हातात आला असेल तर पट्टा वापरा, नायलॉनचा दोर पाच मीटरवर कापून घराजवळच्या फेऱ्यांना ठेवा. दोर गुंडाळून सैल वेटोळं करून सावलीत टांगायचा. टिनाच्या छपराला लागून टांगला तर प्लॅस्टिकचा लेप तडकतो. आणि गोठ्यात टांगू नका. कलेजीच्या हातांनी धरलेला दोर असतो तो, उंदीर एका रात्रीत आकड्याजवळची शिवण कुरतडतात.